दिसेल असा पोलीस

चौकात एक पोलीस उभा करावा, एवढंच माझं म्हणणं होतं. बंदूकवाला नको, घोड्यावरचा नको, गाडीत बसून जाणारा तर नकोच. साधा, गणवेशातला, डोक्यावर टोपी असलेला आणि मुख्य म्हणजे दिसेल असा. एवढ्याशा मागणीपायी मला नगरपालिकेच्या गोदामात एका बाकाची ओळख पटवायला जावं लागेल, असं आधी कोणी सांगितलं असतं तर मी चोरांना लांबूनच हात जोडून घरी बसलो असतो.

पण घरी बसवत नव्हतं, कारण घरी आत्या बसली होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. उभी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून केली. तिनं "पुढे सरका!" म्हटलं की बसमधलेच काय, थांब्यावरचे लोकही चार पावलं पुढे सरकत. निवृत्तीनंतर ती रोज संध्याकाळी चौकात कारंज्याजवळच्या बाकावर विणकाम घेऊन बसायची. तिची मैत्रीण, निवृत्त परिचारिका, जिला सगळा चौक सिस्टर म्हणतो, थोडी उशिरा यायची. तिच्यासाठी जागा धरून ठेवायला आत्या शेजारी आपली पिशवी ठेवायची. ज्या बाईनं जन्मभर जागा अडवणाऱ्यांना हाताला धरून उठवलं, तिनं म्हातारपणी पिशवी ठेवून जागा अडवावी, हा नियतीचा विनोद आहे. पण तो चोराला आधी कळला. एका संध्याकाळी, भरल्या चौकात, ती पिशवी गेली. पिशवीत आत्याचा चष्मा होता, खोकल्याच्या गोळ्या होत्या आणि माझ्या स्वेटरची डावी बाही होती.

पिशवीचं काही नाही. पण त्या दिवसापासून आत्या खाली उतरली नाही. आधी गुडघा दुखायला लागला, मग ऊन लागायला लागलं, मग वारा बाधायला लागला. दाराची घंटी वाजली की ती आतल्या खोलीत जायची. दर थोड्या वेळानं विचारायची, "कडी लावलीस ना रे?" जिचा आवाज बसच्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा, ती आता घरातल्या घरात खुणेनं बोलायची. सिस्टर दोनदा वर येऊन गेली, तर दोन्ही वेळा आत्या झोपलेली निघाली. मला ते बघवेना.

"तुम्ही नुसतं त्यांना हाताला धरून खाली न्या," बायको म्हणाली. "रोज एक जिना. आपोआप जमेल."

तेही करून पाहिलं. जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत आत्या आली, "गॅस बंद केलाय का बघते" म्हणून वर गेली, ती गेलीच. तेव्हा मी ठरवलं की आत्याला बदलण्यापेक्षा चौक बदलणं सोपं आहे. मी विमा कंपनीत दावे विभागात काम करतो. कोणी घराला आग लागली म्हणून सांगत आला, तरी आम्ही आधी त्याच्याकडे धुराचा पुरावा मागतो. असा माणूस एकदा अर्ज लिहायला बसला की समोरच्या खात्याची धडगत नसते, असा माझा समज होता.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर कलमकाका राहतात. न्यायालयात कारकून होते, आणि निवृत्त झाले तरी न्यायालय त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि नाक मुरडलं.

"'विनंती' काय लिहितोस? भीक मागायला चाललायस का? 'मागणी' लिही. आणि खाली लिही, 'अन्यथा पुढील परिणामांस आपण जबाबदार राहाल.'"

"कोणते परिणाम, काका?"

"ते त्यांनी शोधायचे. आपण कशाला सांगायचे?"

पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी परिणामांचं वाक्य दोनदा वाचलं आणि मला बराच वेळ बाहेर बसवलं. मग आत बोलावून म्हणाले, "चौकात आमचे दोन जण आहेत की."

"मला कधी दिसले नाहीत."

"दिसायचे कसे? साध्या वेशातले आहेत. दिसू नयेत म्हणूनच ठेवलेत."

"पण साहेब, मग चोराला कसं कळणार की इथं पोलीस आहे?"

"त्याला कळलं तर तो सापडेल का?"

"पण आमच्या आत्यालाही कळत नाही ना!"

साहेबांनी घंटी वाजवली. आमच्या खात्यातही घंटीचा अर्थ तोच असतो, त्यामुळे मी न सांगता उठलो.

दुसऱ्या दिवसापासून माझं चौकात चालणंच बदललं. दोन पोलीस आहेत हे कळलं होतं, पण कोणते दोन हे कळलं नव्हतं. मी वर्तमानपत्रवाल्याशी आदरानं बोलू लागलो. बूट पॉलिशवाल्यासमोर सरळ उभा राहू लागलो. कलमकाकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर आहे. पण एक गोष्ट विसरू नकोस. चोरसुद्धा साध्या वेशातच असतो." झालं. दोन दिवस मी ज्याच्या त्याच्याशी आदरानं वागत होतो, ते सोडून आता ज्याच्या त्याच्यावर नजर ठेवू लागलो.

नजर ठेवली की काहीतरी दिसतंच. मला कारंज्यापाशी एक फुगेवाला दिसला. माणूस धिप्पाड, हातात गॅसच्या फुग्यांचा झुबका. पण फुगे विकण्यात त्याला काडीचा रस नव्हता. मुलं आली की "जा रे, चल, पुढं हो" म्हणून हाकलायचा. एका बाईनं पैसे पुढे केले तर म्हणाला, "उद्या या." आणि सारखं लक्ष लोकांच्या पिशव्यांकडे! मी त्याला सलग काही संध्याकाळी पाहिलं. दावे विभागात आम्हाला शिकवलेलं असतं, की ज्याला धंद्यातल्या नुकसानीचं दुःख नाही त्याचा धंदा वेगळाच असतो. एके दिवशी तो एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या पिशवीमागे हळूहळू चालू लागला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आत्या उभी राहिली. मी मागून जाऊन त्याची कॉलर धरली आणि "चोर! चोर!" म्हणून ओरडलो.

फुगे सुटले. गर्दी जमली. फुगेवाल्यानं माझ्याकडे जे पाहिलं, तसं आजवर माझ्याकडे फक्त ज्यांचे दावे फेटाळले त्यांनीच पाहिलंय. त्यानं खिशातून ओळखपत्र काढलं आणि अगदी थकल्या आवाजात म्हणाला, "तो पुढे गेला बघा, बिनकॉलरच्या सदऱ्यातला. त्याच्यावर लक्ष होतं आमचं. गेला आता."

ठाण्यात मी पुन्हा त्याच खुर्चीवर बसलो. उरलेले दोन फुगे ठाण्याच्या छताला जाऊन चिकटले होते आणि पंखा लावता येत नव्हता, त्यामुळे सगळेच घामाघूम झाले होते.

"तुम्ही आमचा एक माणूस वाया घालवलात," साहेब म्हणाले. "आता आख्खा चौक त्याला ओळखतो. फुगे विकायला त्याला शिकवायलाच महिना गेला होता."

"पण तो विकतच नव्हता, साहेब. म्हणून तर..."

फुगेवाल्यानं मान खाली घातली. मला खरोखर वाईट वाटलं. कामात वरिष्ठांसमोर असं उघडं पडणं काय असतं ते मला माहीत आहे.

"हे बघा," साहेब म्हणाले, "तुम्हाला दिसणारा पोलीस पाहिजे ना? माणूस माझ्याकडे नाही. पण केंद्र देतो. पोलीस मदत केंद्र. काचेची केबिन, आत खुर्ची, पंखा. लांबून दिसतं. खर्चाला चौकातला कोणी व्यापारी उभा करा, जागा तुमची तुम्ही ठरवा आणि कृपा करून ठाण्यात येऊ नका."

मी घरी येऊन आत्याला सांगितलं, "आता चौकात पोलिसांची केबिनच येतेय. मग तू खुशाल बसशील बाकावर." आत्यानं खुर्ची थोडी खिडकीजवळ ओढून घेतली. तेवढ्यानंसुद्धा मला मोठं काम केल्यासारखं वाटलं.

खर्चाला गादीवाला तयार झाला. चौकात त्याचं गाद्यांचं मोठं दुकान आहे. त्याची अट एकच, केबिनवर जाहिरात त्याची. चौकातल्या दुकानदारांची बैठकही त्याच्याच दुकानात झाली. मांडलेल्या गाद्यांवरच सगळे बसले. माझा अनुभव असा, की मऊ गादीवर बसून माणसाला कडक भूमिका घेता येत नाही. पण हे दुकानदार सराईत होते. पोलीस हवाच, यावर सगळ्यांचं एकमत झालं. आपल्या दारात नको, यावर त्याहून जास्त एकमत झालं.

"माझी गिऱ्हाइकं आधीच आजारी," औषधवाला म्हणाला. "दारात पोलीस बघून काय होईल त्यांचं?"

"माझ्याकडे लोक जुनी घड्याळं विकायला आणतात," घड्याळवाला म्हणाला. "दारात पोलीस बसला तर कोण आणेल?"

"म्हणजे ती कुठली असतात?" औषधवाल्यानं विचारलं आणि त्यावर बराच वेळ गेला.

चष्मेवाल्याची हरकत होती की त्याची पाटी झाकली जाईल. गादीवाला म्हणाला, मी पैसे देतोय तर जागा दुसऱ्यानं द्यावी, सगळं एकट्यानंच द्यायचं का? कलमकाका मध्येच उठून म्हणाले की कुठल्याही दारापासून किती अंतरावर पोलीस कायद्यानं शेजारी समजला जातो, हे आधी बघावं लागेल. पण उठताना ते गादीत इतके रुतले की त्यांना दोघांनी ओढून काढलं आणि तो मुद्दा तिथंच राहिला.

तेव्हा मी उठलो. समोर वाहतूक विभागाचा चौकाचा नकाशा होता. त्यावर कारंज्याच्या बाजूला एक छोटासा चौकोन पांढरा, रिकामा होता. मी त्यावर बोट ठेवलं आणि दावा मिटवताना लावतो तसा आवाज लावून म्हणालो, "इथं कोणाचं दुकान नाही. कोणाचं दार नाही. कोणाचंही नुकसान नाही."

टाळ्या पडल्या. गादीवाल्यानं मिठी मारली. कलमकाकांनी ठराव लिहून काढला आणि 'सूचक' म्हणून माझं नाव ठळक लिहिलं. इतका मान मला कचेरीत कधी मिळाला नव्हता.

घरी येऊन मी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. तिनं कपडे घड्या करता करता विचारलं, "कारंज्याच्या कुठल्या बाजूला?"

"अगं, ती नाही का, झाडाची बाजू. तिथं काहीच नाही."

तिनं हातातली चादर खाली ठेवली. "तिथं आत्यांचा बाक आहे."

वाहतूक विभागाच्या नकाशात बाक दाखवत नाहीत. बाक वाहतूक करत नाही, म्हणून असेल. पण मी त्या चौकातून रोज जातो. रोज जाणाऱ्या माणसाला जे दिसायला हवं होतं ते मला दिसलं नाही आणि मी सगळ्या शहराला दिसेल असा पोलीस मागत फिरत होतो.

सकाळी उठून नगरपालिकेत गेलो. खिडकीतल्या बाईंनी फाइल काढली.

"हरकत कोणाची?"

"माझी."

"प्रस्ताव कोणाचा?"

"तोही माझाच."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट बघितलं. "एकाच फाइलीत दोन्ही बसत नाहीत हो. प्रस्ताव मागे घ्यायचा असेल तर सगळ्या दुकानदारांच्या सह्या आणा."

सगळ्या दुकानदारांकडे जाऊन "पोलीस पुन्हा तुमच्या दारात ठेवू या का?" असं विचारायची माझ्यात छाती नव्हती. तरी मी गादीवाल्याला भेटलो. तो म्हणाला, "एका बाकाचं काय घेऊन बसलात? आत्यांना मी गादी देतो." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी आत्याला काही सांगितलं नाही. रोज संध्याकाळी ती खिडकीतून बाकाकडे बघायची आणि मी तिच्याकडे बघायचं टाळायचो.

रविवारी सकाळी ट्रक आला. मी झटकन खिडकीचा पडदा ओढला.

"ऊन येतंय," मी म्हणालो.

"ढग आहेत," आत्या म्हणाली आणि पडदा बाजूला केला.

खाली दोन कामगार पहारीनं बाक उखडत होते. आत्या क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, "अरे, हे माझा बाक उपटतायत का?" माझ्या उत्तराची वाट न बघता ती उठली. कडी तिनंच काढली. जिन्याच्या वळणावर थांबून तिनं गॅस बंद आहे का विचारलं नाही. तिच्या एका पायात माझी चप्पल होती आणि दुसऱ्यात बायकोची. आम्ही मागून धावेपर्यंत ती रस्ता ओलांडून गेलीसुद्धा.

"ए! थांबा!"

काय आवाज होता! कबुतरं उडाली. थांब्यावरून निघालेली बस जागच्या जागी थांबली. चालकाला वाटलं असावं, आपल्याच कंडक्टरनं थांबवलं. सगळा चौक थांबला, फक्त ट्रक थांबला नाही. बाक पालथा घालून, चारही पाय वर करून तो घेऊन गेला. आणि बाकाच्या जागी, त्याच ट्रकनं आणलेली, ती तयार काचेची केबिन लगेच उभी राहिली. तिच्यावर 'पोलीस मदत केंद्र' ही अक्षरं होती, पण त्याच्या दुप्पट आकारात गादीवाल्याची जाहिरात होती: 'गाढ झोपा, निर्धास्त झोपा!' केबिनमध्ये पोलीस नव्हता, त्यामुळे ते पटतही होतं.

आत्या धापा टाकत होती. गुडघे धरून तिनं बसायला जागा शोधली, ती काही नव्हतीच. तेव्हा तिनं केबिनचं दार ढकललं, आत जाऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "माझा बाक परत येईपर्यंत मी इथून उठायची नाही."

"आत्या, अगं ते पोलिसांचं आहे."

"मग येऊ दे पोलिसाला. मला त्याच्याशी बोलायचंच आहे."

मी आणखी काही बोलणार तर बायकोनं मला जोरात कोपर मारलं. "गप्प बसा," ती हळूच म्हणाली. "त्या बाहेर आल्यात."

मला तोपर्यंत ते सुचलंच नव्हतं. आत्या घराबाहेर होती. उघड्या चौकात, लोकांच्या गर्दीत, हातात पिशवी नाही, हाताला धरलेलं कोणी नाही, आणि तोंडावर भीतीचं नाव नव्हतं. नुसता राग होता. मी कारंज्याकडे तोंड करून उभा राहिलो, कारण भर चौकात प्रौढ माणसानं डोळे पुसलेले बरे दिसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या डबा घेऊन केबिनमध्ये हजर. सिस्टरसाठी बाजूला स्टूल टाकलं. रागाच्या भरात का होईना, पण रिकामं बसणं तिच्या स्वभावात नाही. समोर कोणी आडवी गाडी लावली की काच सरकवून ती म्हणायची, "ओ निळी गाडी, पुढे घ्या!" आणि निळी गाडी पुढे जायची. हातगाड्या रांगेत आल्या. कोणी पत्ता विचारी, तर ती कुठली बस, कुठं उतरायचं आणि उतरताना कोणत्या पायानं उतरायचं तेही सांगे. कोणाचं तरी हरवलेलं पोरगं केबिनमध्ये बसून बिस्किटं खात आईची वाट बघू लागलं. रस्त्यावर सापडलेली छत्री लोक तिच्याकडे आणून द्यायला लागले. एवढे दिवस अंधारून आलं की दुकानं भराभर बंद करणारे लोक आता केबिनमधला दिवा मालवेपर्यंत थांबू लागले. औषधवाला आपणहून म्हणाला की केंद्र थोडं त्याच्या दाराकडे सरकलं तरी त्याची हरकत नाही.

इकडे मी बाकाच्या मागे लागलो होतो. आत्या उठायची नाही म्हणाली होती, आणि ती शब्दाची पक्की. नगरपालिकेच्या गोदामात मला एका शेडमध्ये नेलं. तिथं उखडलेल्या बाकांचा ढीग होता, सगळे एकसारखे हिरवे.

"तुमचा कुठला?" गोदामवाल्यानं विचारलं.

दावे विभागात मी लोकांना हाच प्रश्न विचारतो आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मनात हसतो. त्या दिवशी माझी हसायची हौस कायमची फिटली. सगळे बाक वाकून वाकून बघितले. शेवटी एकाच्या स्क्रूला करड्या लोकरीचा धागा अडकलेला सापडला. माझ्याच स्वेटरची लोकर.

"हा!" मी म्हणालो.

"ओळख पटली," गोदामवाला म्हणाला. "पण हा भंगारात नोंदलाय. भंगार परत देत नाही. लिलावात घ्या."

केंद्राच्या उद्घाटनाला साहेब आले, तेव्हा ही अशी परिस्थिती होती. केबिनला फीत बांधलेली, फोटोवाला तयार आणि आत आत्या विणत बसलेली.

"बाई, बाहेर या," साहेब म्हणाले. "ही पोलिसांची जागा आहे."

"आधी माझी होती," आत्या म्हणाली. "माझा बाक होता इथं."

"तुम्हाला इथं बसायला कोणी सांगितलं?"

"तुम्ही कोणाला बसवलं नाही म्हणून बसले. रिकामी सीट दिसली तर उभ्यानं प्रवास कशाला करायचा?"

कलमकाका पुढे आले. "साहेब, केंद्रात पोलिसानंच बसावं असं तुमच्या परवानगीत कुठं लिहिलंय? मी वाचलीय. लिहिलेलं नाही." आयुष्यात पहिल्यांदा काकांचं कलम बरोबर ठिकाणी लागलं. दुकानदार एकेक करून बोलू लागले. साहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग त्यांची नजर गर्दीत माझ्यावर पडली.

"ह्या तुमच्या कोण?"

"आत्या," मी म्हणालो.

"तरीच!" साहेब म्हणाले आणि का कोण जाणे, हसले. तिथूनच त्यांनी नगरपालिकेत फोन लावला. जो बाक मला धागा दाखवून मिळाला नव्हता तो त्या एका फोनवर दुपारच्या आत परत आला. तो केबिनच्या अगदी शेजारी रोवण्यात आला. आत्या कबूल केल्याप्रमाणे उठली आणि केबिन मोकळी झाली. आता आत माणूस बसवणं भाग होतं, आणि साहेबांकडे असा एकच माणूस होता ज्याला दुसरं काही करता येत नव्हतं. माझ्यामुळेच.

अशा रीतीनं फुगेवाला गणवेश घालून केंद्रात आला. धिप्पाड होताच, टोपीमुळे आणखी उंच दिसू लागला. थेट बसथांब्यापासून दिसायचा. मुलं अजूनही त्याच्याकडे फुगे मागत. आत्या बाकावरून त्याला सूचना देई आणि तो "हो आत्याबाई" म्हणे. मी मात्र दिसलो की त्याचा चेहरा दगडासारखा व्हायचा. मी रोज नमस्कार करायचो, तो फक्त माझ्या हातांकडे बघायचा.

परवा कचेरीतून परतताना मी चौकात आलो आणि जागच्या जागी थांबलो. बाक रिकामा होता. सिस्टर अजून आली नव्हती, आत्याही नव्हती, आणि बाकावर, अगदी उघड्यावर, आत्याची नवी पिशवी पडली होती. मी आजूबाजूला बघितलं. आत्या लांब बसथांब्यावर कुठल्याशा कंडक्टरला काहीतरी शिकवत होती. पाठ आमच्याकडे! पुन्हा पिशवी, पुन्हा तोच बाक. पुन्हा गेली तर ही बाई कायमची घरात बसेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी धावलो, पिशवी उचलली, छातीशी धरली आणि आत्याच्या दिशेनं निघालो.

मागून माझी कॉलर धरली गेली. नुसती धरली गेली नाही, तर मी टाचांवरून उचलला गेलो.

"चोर!" फुगेवाला गरजला. त्या एका शब्दात त्यानं किती दिवस दाबून ठेवलेलं समाधान ओतलं होतं ते सांगता येणार नाही.

"अहो, मी आहे! ओळखत नाही का मला?"

"ओळखतो," तो म्हणाला. "चांगला ओळखतो. पिशवी कोणाची?"

गर्दी जमली. चष्मेवाला, घड्याळवाला, औषधवाला आपापल्या दारात आले. गादीवाला गिऱ्हाईक सोडून आला. कलमकाका कुठून आले कोण जाणे, म्हणाले, "आधी पंचनामा. ओळखीपाळखीचं मग बघू." ज्या चौकासाठी मी लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या, त्या चौकातला एकही माणूस "सोडा त्यांना" म्हणाला नाही. दोघांनी तर माझे फोटोही काढले.

एवढ्यात गर्दी आपोआप पुढे सरकली, म्हणजे आत्या आली. तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या छातीशी असलेल्या पिशवीकडे बघितलं, फुगेवाल्याच्या मुठीतल्या माझ्या कॉलरकडे बघितलं. आणि तिचा चेहरा असा काही फुलला, की मला माझी कॉलरही विसरायला झालं. किती दिवसांनी तिला तशी हसताना बघत होतो.

"बघितलंस?" ती मला म्हणाली. "पिशवी टाकून पार थांब्यापर्यंत गेले होते. आणि हात लावला न लावला तोच धरलं ह्यांनी! आता मला कसली रे भीती?"

"आत्या, त्यांना सांग ना आधी. मी तुझा भाचा आहे म्हणून."

"सांगते, सांगते. आमचाच आहे हो हा." फुगेवाल्याची मूठ सैल होऊ लागली, तोच आत्यानं हात वर केला. माझ्या हातातली पिशवी घेऊन तिनं तिच्यातून अर्धी विणलेली करडी बाही काढली आणि माझा डावा हात सरळ केला.

"जरा तसाच धरून ठेवा," ती म्हणाली. "एरवी कधी स्थिर उभा राहत नाही. बाहीचं माप घेते."